इंग्रजी बोलीतून आयरिशमध्ये: फोक्लोर डॉट आय-ई

फोरास ना गेल्गे या आयरिश भाषेसाठीच्या संस्थेचा 2013 पासूनचा हा मोफत ऑनलाइन कोश अनुवादकाने आधी उघडावा. अख्खं वाक्य टाकू नका. मुख्य शब्द शोधा, मग नोंदीतले वाक्प्रचार शेवटपर्यंत वाचा. इंग्रजीत ‘कॅट्स अँड डॉग्ज’ पडणारा मुसळधार पाऊस आयरिशमध्ये मोच्याच्या सुऱ्या फेकतो. तिथे कुत्री-मांजरी शब्दशः उतरवली की वाक्य फसलंच. आयरिशमध्ये भूक, राग, लाज माणसा‘वर’ असतात, म्हणून माणसानुसार क्रियापद नव्हे, ‘वर’ या अर्थाच्या अव्ययाचं रूप बदलतं: माझ्यावर ‘ओरम’, तुझ्यावर ‘ओर्त’. नवशिके हमखास इथेच अडतात. मिळालेलं उत्तर टँगलन डॉट आय-ईवरच्या ओ डोनल यांच्या आयरिश-इंग्रजी कोशात (1977) उलट दिशेनं तपासाच. कोनाख्ट, मन्स्टर, अल्स्टर या तिन्ही बोलींतले उच्चारही तिथे ऐकायला मिळतात, ही फार मोलाची सोय.