मणक्यातली बुरशी: गोळ्या घ्यायच्या की अॅम्फोटेरिसिन?

पाठ दुखते, बारीक ताप येतो आणि एमआरआयमध्ये मणका खराब दिसतो, की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा. बहुतेकदा तो खराही ठरतो. पण पेशंटची साखर हाताबाहेर गेलेली असेल, तो बरेच दिवस आयसीयूत राहिला असेल किंवा स्टेरॉइडवर असेल, तर बुरशीचाही विचार व्हायला हवा. म्हणून आधी सुईने नमुना काढून घ्या. फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवायच्या द्रवात) टाकलेल्या तुकड्याचं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून ओळखणं, होत नाही. दुसरा तुकडा साध्या सलाईनमध्ये फंगल कल्चरला पाठवला का, हे त्याच दिवशी विचारा. औषध कोणतं, हे त्या रिपोर्टवरच ठरतं.

कॅन्डिडा नावाची बुरशी निघाली तर फ्लुकोनॅझोलची गोळी. रोज साधारण 400 मिलिग्रॅम, 6 ते 12 महिने. गोळी स्वस्त, घरी राहून घेता येते, तालुक्याच्या मेडिकलवरही मिळते. कॅन्डिडाच्या काही जाती मात्र तिला दाद देत नाहीत आणि अॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीवर ती चालतच नाही.

लायपोसोमल अॅम्फोटेरिसिनचा पल्ला फार मोठा, बऱ्याच बुरशींवर चालतं. 2021 मध्ये म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) वेळी नातेवाईक ज्याच्यासाठी वणवण फिरत होते, तेच हे इंजेक्शन. किलोला 3 ते 5 मिलिग्रॅम धरलं, तर 60 किलोच्या माणसाला 50 मिलिग्रॅमच्या 4 ते 6 बाटल्या रोज लागतात. ते डेक्स्ट्रोजमधूनच चढवतात, नेहमीच्या सलाईनमधून नाही. थंडी वाजून अंग थरथरू शकतं, क्रिएटिनिन वाढतं (म्हणजे किडनीवर ताण), पोटॅशियम उतरतं. त्यामुळे भरती राहणं आणि वरचेवर रक्त तपासणं आलंच. कॅन्डिडात बहुधा सुरुवातीचे काही आठवडे हे देऊन मग गोळीवर आणतात. सुरुवातीला एकायनोकॅन्डिन गटातलं इंजेक्शनही चालतं, ते किडनीला सौम्य.

अॅस्परजिलस असेल तर माझं मत सरळ व्होरिकोनॅझोलकडे. किमान 8 आठवडे, बऱ्याचदा 6 महिन्यांच्या वर. गोळी जेवणाच्या तासभर आधी किंवा तासाभराने. लिव्हर तपासावं लागतं, रक्तातली औषधाची पातळीही. नजर काही वेळ धूसर होते आणि ऊन सोसत नाही, कातडी भाजल्यासारखी होते. वैशाखात रानात राबणाऱ्या माणसाला हे आधीच बजावून सांगा, कारण गोळी सुटली की आजार उलटतो.

सगळ्यात जपायचं ते इथे: संशयावरून टीबीचं औषध सुरू झालेलं असेल, तर त्यातलं रिफाम्पिसिन व्होरिकोनॅझोलचा असर जवळपास संपवून टाकतं. दोन्ही बरोबर देत नाहीत. जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांची पाकिटं नव्या डॉक्टरांपुढे ठेवाच.

पायातली ताकद जात असेल किंवा लघवी अडत असेल, तर औषधांची तुलना बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी स्पाइन सर्जन गाठा. एरवी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्यात किंवा लातूर, नांदेड, अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवताना एवढं नक्की विचारा: कल्चर कुठे होईल, औषधाची पातळी कुठे तपासतील आणि सहा महिन्यांचा खर्च सरकारी आरोग्य योजनेत बसतो का.