‘आख्खं घर चालेल’ म्हणाला, आणि मी पुढे काही विचारलंच नाही

निसर्ग वादळानंतर आमच्या घरी ३४ दिवस लाइट नव्हती. आकडा मुद्दाम सांगतोय, कारण पुढे मी जो मूर्खपणा केला त्याचं मूळ या ३४ दिवसांत आहे. ३ जून २०२० च्या दुपारी वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन तालुक्यातल्या सुपारीच्या वाड्या काड्या मोडाव्यात तशा मोडून गेलं. विजेचे खांब तर ओळीने आडवे. विहीर भरलेली, पण राहाटाची सवय कधीच सुटलेली. आई इन्शुलिनवर. मोबाइल चार्ज करायला बाजारात जाऊन एकाच्या जनरेटरपाशी रांग लावायची. त्याच रांगेत मी ठरवलं की पुढच्या पावसाळ्याआधी आपल्या घरी स्वतःचा जनरेटर हवा.

पुढचा एप्रिल उजाडला तो लॉकडाउन घेऊन. दुकानं बंद. एरवी मी अलिबागला किंवा पुण्याला जाऊन दोन-चार ठिकाणी भाव काढला असता, यंत्र उचलून बघितलं असतं. ते राहिलं. नेमकी तेव्हाच एका लांबच्या नातेवाइकाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर जाहिरात दिसली: ५.५ केव्हीए (जनरेटर किती वीज देतो त्याचं माप) पेट्रोल जनरेटर, १०० टक्के कॉपर, जपानी टेक्नॉलॉजी, संपूर्ण घराचा बॅकअप, घरपोच, फक्त ३८,५००. नावाजलेल्या कंपनीचा पाच केव्हीएचा मला फोनवर लाखाच्या घरात सांगितलेला. हा एवढा स्वस्त कसा, असं विचारल्यावर उत्तर तयार होतं. लॉट पोर्टवर अडकलेला, मालकाला जागा मोकळी करायचीय. नातेवाइकाने स्वतः तो घेतलेला नव्हता, त्याने फक्त स्टेटस पुढे ढकललं होतं. हे मला फार नंतर कळलं, कारण मी त्याला विचारलंच नव्हतं. घरातल्या माणसाच्या स्टेटसवर दिसलं म्हणजे घरातल्या माणसाने खात्री केली असणार, असं मी आपणच धरून चाललो.

दहा हजार यूपीआयने आगाऊ घेतले, बाकीचे माल उतरवल्यावर रोख. आठवड्याने टेम्पो आला. सोबत दोन पोरं, त्यातला एक ‘इंजिनिअर’. यंत्र दिसायला झकास होतं. लाल रंग, चाकं, पुढे व्होल्टमीटर, बाजूला मोठ्ठा ५५००. ते दोघांनी सहज उचलून खळ्यात ठेवलं. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता.

आता डेमो कसा झाला ते नीट वाचा, कारण फसवण्याचं सगळं कसब तिथे होतं. त्या ‘इंजिनिअर’ने आधी आमची इस्त्री लावली. हजार वॅटची. ‘बघा काका, इंजिनाला कळलंसुद्धा नाही.’ मग बरोबर आणलेला हजार वॅटचा हॅलोजन लावला. तोही लख्ख पेटला. ‘झाले की नाही दोन हजार? आता फ्रिज लावा, टीव्ही लावा, पंखे लावा.’ सगळं चाललं. मी खूश, हीसुद्धा खूश. नंतर कधीतरी रात्री पडल्या पडल्या आठवलं की हॅलोजन लावला तेव्हा इस्त्रीचा लाल दिवा विझलेला होता. इस्त्री तापली की आतून आपोआप बंद होते. म्हणजे एका वेळी हजाराच्या पलीकडे फारसा भार कधी पडलाच नव्हता.

आणि पंप? ज्यासाठी एवढा खटाटोप, तो एक एचपीचा पंप चालवून दाखव म्हटलं, तर विहिरीत डोकावून म्हणाला, ‘पाणी खाली गेलंय, पाइपाच्या तळाचा फुटवॉल्व्ह उघडा पडेल, पंप जळला तर मला बोलाल.’ एप्रिलची दुपार, नुकतंच नव्या रोपांना पाणी दिलेलं. बोलणं खरंच वाटलं. संध्याकाळपर्यंत थांब, पाणी चढेल, असं मी म्हणू शकलो असतो. पण त्यांना अजून दोन ठिकाणी जायचं होतं म्हणे.

जाताना त्याने आणखी एक वस्तू विकली. ३,५०० रुपयांचं ‘होल हाउस किट’. किट म्हणजे काय, तर आठ-दहा मीटर जाड वायर आणि तिच्या दोन्ही टोकांना पिना. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं गिझरच्या सॉकेटमध्ये. ‘मेन पाडायचा, हे लावायचं, आख्खं घर चालू. चेंजओव्हर वगैरेचा खर्च कशाला?’ (चेंजओव्हर म्हणजे बाहेरची लाइन किंवा जनरेटर, यांतली एकच वीज घरात सोडणारा स्विच.) मला तर त्या पोराचं कौतुक वाटलं. आपले चार पैसे वाचवतोय!

बिल मागितलं तर पावतीपुस्तकातली गुलाबी पावती फाडून दिली. जीएसटी नंबर नाही. ‘पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर पडतील.’ या वाक्यावर गप्प बसणारा मी एकटाच नसेन.

१६ मेच्या रात्रीपासून तौक्ते वादळाचा वारा सुटला आणि सतराच्या पहाटे लाइट गेली. पाऊस आडवा येत होता, म्हणून जनरेटर पडवीत ओढून घेतला. मेन पाडला, वायर लावली, दोरी खेचली. घर उजळलं. शेजारी काळोख आणि आमच्याकडे टीव्ही चालू. तासभर मी त्या वाडीचा राजा होतो.

मग टाकी भरायला पंप लावला. इंजिन घुसमटल्यासारखं कण्हलं, दिवे पिवळे पडले, फ्रिज आतून घरघरला, पंप नुसता हुंकारत राहिला, फिरेना. मी धावत जाऊन पंपाचं बटण पाडलं, आणि तिथेच घात झाला. भार एकदम सुटला, इंजिन किंचाळत वर गेलं, व्होल्टेज चढलं, दिवे डोळे दिपतील असे पांढरे झाले आणि फटाफट गेले. सात एलईडी बल्ब, टीव्हीचं पॉवर कार्ड, सेटटॉप बॉक्स. फ्रिजचा कॉम्प्रेसर त्याआधीच कमी व्होल्टेजमध्ये अडकून तापला होता, तो दुसऱ्या दिवशी मेला. पुढच्या मीटरचा काटा मात्र या सगळ्या गोंधळात २३० वर शांत बसलेला. तो नंतरही तिथेच असायचा, यंत्र बंद असलं तरी.

तरी हौस फिटली नाही. दोन बल्ब आणि एक पंखा यांवर तो रात्रभर चालू ठेवला. पडवीचं दार लोटलेलं, माजघराचं उघडं. पहाटे आई उठली ती डोकं धरून, दोनदा उलटी झाली. आम्हाला वाटलं पित्त. हिचंही डोकं ठणकत होतं, माझंही. तिघांना एकाच वेळी पित्त कसं होईल, हे हिच्या लक्षात आलं आणि तिने आधी दारं-खिडक्या सताड उघडून आईला बाहेर ओट्यावर आणून बसवलं. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्याला जो वास येतो तो दुसऱ्या धुराचा, आणि तो येईनासा झाला की हवा स्वच्छ आहे असं आपण समजतो. जनरेटर घरापासून निदान वीस फूट लांब, दारं-खिडक्यांकडे धुराचं तोंड नाही असा ठेवायचा असतो. पडवी ही बाहेरची जागा नव्हे. आई वाचली ते हिच्या हुशारीने. त्या रात्रीबद्दल मी विक्रेत्याला निम्माच दोष देतो, उरलेला निम्मा माझा.

तिसऱ्या दिवशी लाइनवर काम करायला वायरमन आला. ओळखीचा, दर गणपतीला प्रसादाला येणारा. पाणी प्यायला पडवीत आला आणि ती दोन पिनांची वायर बघून त्याचा चेहराच बदलला. ‘काका, मेन कोण पाडतं?’ म्हटलं, मी. ‘आणि तुम्ही विसरलात तर? किंवा अंधारात मुलाने जनरेटर चालू केला तर?’ मग त्याने समजावलं. मेन पाडायचा राहिला, तर आपल्या जनरेटरची वीज उलटी बाहेर जाते, ट्रान्सफॉर्मरला पोचते. तो जसा ११,००० व्होल्टचे २३० करतो तसेच उलटे २३० चे ११,००० करतो. आणि लाइन बंद आहे असं समजून वर खांबावर हा माणूस हात घालून बसलेला. शिवाय वायरचं एक टोक जनरेटरला असताना दुसरं टोक सॉकेटमधून निसटलं, तर त्या उघड्या पिनांवर जिवंत करंट. त्याने खिशातला पक्कड काढला आणि मला न विचारता ती वायर मधोमध तोडली. मी ३,५०० रुपयांबद्दल काही बोललो नाही.

यंत्राची खरी ओळख महिन्याभराने पटली. तालुक्याच्या गावी पॉवर वीडर (तण काढायचं यंत्र) आणि ग्रासकटर दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे. त्याने स्टिकरकडे बघितलंदेखील नाही. इंजिनावर कापड फिरवलं आणि कोरलेला आकडा दाखवला: २१२ सीसी. ‘काका, हे तर वीडरचं इंजिन. सात एचपी. यातून अडीच-पावणेतीन केव्हीएच्या वर काही निघत नाही.’ मग ५.५ कुठून आलं? त्याने तिथेच हिशेब मांडला. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, सात एचपीचे झाले सव्वापाच हजार. इंजिनाचा कमाल जोर तसाच्या तसा विजेचा म्हणून छापायचा, वर थोडा हात सैल सोडायचा. खऱ्या पाच केव्हीएला चारशे सीसीच्या आसपासचं इंजिन लागतं. आमच्या यंत्रातून धड अकरा अँपिअर मिळायचे, आणि एक एचपीचा पंप चालू होताना क्षणभर तीसच्या वर मागतो. तो फिरणार कसा?

घरी आणून मी ते सुपारीच्या काट्यावर चढवलं. ४१ किलो. पाच केव्हीएचं यंत्र साधारण ऐंशी किलोच्या आसपास भरतं, कारण आत तांबं आणि लोखंड तेवढं असतं. काटा माझ्याच पडवीत होता. टेम्पो खळ्यात उभा होता तेव्हाही तो तिथेच होता.

टाकीचंही तेच. एका टाकीत बारा तास म्हणाला होता, सहा तासांतच कोरडी. तेव्हा पेट्रोल शंभरीला टेकलेलं, आणि वादळानंतर पंपावर कॅनमध्ये कुणी देत नाही, लाइट नसेल तर पंपच बंद. आख्खं घर चालवायचं स्वप्न बघताना हा रोजचा खर्च मी कागदावर एकदाही लिहिला नव्हता.

विक्रेत्याचा फोन जूनमध्ये बंद झाला. वॉरंटी कार्डावरच्या पुण्याच्या पत्त्यावर भाच्याला पाठवलं, तर तिथे झेरॉक्सचं दुकान, आणि तोच नंबर विचारत आलेला हा तिसरा माणूस. पोलिसांनी अर्ज घेतला. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली (आता तिचा नंबर १९१५ आहे). अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, वकील नसला तरी चालतो. हे सगळं चांगलंच आहे. पण नोटीस कुणाच्या नावावर काढायची? मी वकिलाकरवी पाठवलेली नोटीस ‘या पत्त्यावर असा इसम नाही’ म्हणून परत आली. हातात पुरावा म्हणाल तर दहा हजारांचा यूपीआय व्यवहार आणि नावगाव नसलेली गुलाबी पावती. ते १८ टक्के भरले असते तर निदान भांडायला माणूस सापडला असता.

आता घरात दिवे-पंख्यांसाठी इन्व्हर्टर आहे. फ्रिजसाठी बिलासकट घेतलेला छोटा जनरेटर आहे, तो मागीलदारी लांब शेडमध्ये असतो आणि लायसन असलेल्या इलेक्ट्रिशियनने बसवलेल्या चेंजओव्हरमधून येतो, म्हणजे एका वेळी एकच वीज घरात शिरू शकते. पंप त्यावर नाही. वादळाची बातमी आली की टाकी आधीच भरून ठेवतो. आईच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन-तीन दिवस ओल्या मातीच्या मडक्यातही इन्शुलिन ठेवता येतं. हे ऐकून मी थोडा वेळ काही बोललो नाही.

ते लाल यंत्र मिस्त्रीने सहा हजारांना मागितलं. इंजिन तेवढं काढून त्याने एकाच्या वीडरला बसवलं, आणि तिथे ते अगदी चोख चालतं. इंजिनाची काहीच चूक नव्हती. मागचा अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारा भाग, तोवर जळलेला, तो मला परत दिला. भंगारवाला आला तेव्हा मी तांब्याचा भाव विचारला. त्याने लालसर वायरचं एक टोक ओढून काढलं, खिशातून ब्लेड काढून ओरखडलं. आतून पांढरं ॲल्युमिनियम निघालं. मग त्याने भाव सांगितला.