झायलोज आंबवायचे आहे: यीस्टचे दोन मार्ग आणि ई. कोलाय

पेंढा किंवा भुसा सौम्य आम्लात शिजवला की द्रावणात मुख्यतः झायलोज उतरते. बेकरीतले यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, ही पाच कार्बनची साखर आंबवत नाही. बाहेरची जनुके घालावी लागतात, आणि ती कोणती घ्यायची इथेच खरी निवड असते.

शेफरसोमायसिस स्टिपिटिस या झायलोज खाणाऱ्या यीस्टकडून झायलोज रिडक्टेज (झायलोजचे झायलिटॉल करणारे एन्झाइम) आणि झायलिटॉल डिहायड्रोजनेज (झायलिटॉलचे पुढे वापरता येणारे झायल्युलोज करणारे) घेतले तर काम चटकन सुरू होते. गोची पुढे आहे. पहिले एन्झाइम बहुतांशी एनएडीपीएच खर्च करते, तर दुसऱ्याला एनएडी लागते (दोन्ही पेशीतले इलेक्ट्रॉन वाहणारे रेणू). हवा बंद केली की एनएडीची भरपाई होत नाही, दुसरी पायरी तुंबते आणि झायलिटॉल साचते. थोडी हवा सोडल्यास तुंबा सुटतो, पण साखरेचा काही वाटा श्वसनात जातो. ग्रॅममागे 0.51 ग्रॅम इथेनॉल ही कमाल मर्यादा तितकीच लांब राहते.

झायलोज आयसोमरेजला हा हिशेबच नको. ते झायलोजचे थेट झायल्युलोज करते. पिरोमायसिस या बुरशीतले हे जनुक 2003 मध्ये डेल्फ्टच्या संशोधकांनी यीस्टमध्ये चालवून दाखवले. (ती बुरशी हत्तीच्या लिदेत सापडलेली!) पण एन्झाइम मंद आहे. म्हणून जनुकाच्या अनेक प्रती घाला, यीस्टचे स्वतःचे जीआरई3 हे जनुक काढून टाका, कारण त्याच्या एन्झाइममुळे होणारे झायलिटॉल आयसोमरेजलाच अडवते. शिवाय झायल्युलोज पुढे ढकलणारे एक्सकेएस1 हे जनुक आणि पेंटोज फॉस्फेट मार्गाची (पाच कार्बनच्या साखरा पचवणाऱ्या पेशीतल्या वाटेची) चार जनुके वाढवा. एवढे करूनही वाण झायलोजवर बरेच दिवस रुळवावा लागतो.

ई. कोलाय हा जिवाणू झायलोज मुळातच खातो. इथेनॉलसाठी झायमोमोनास या जिवाणूची दोन जनुके पुरतात. शिवाय तो उदासीन पीएचला वाढतो, आणि पीएच 6.5 ला द्रावणातल्या अ‍ॅसिटिक आम्लाचा जेमतेम 2 टक्के भाग पेशीत घुसणाऱ्या रूपात असतो, पीएच 5 ला तो 36 टक्क्यांवर जातो. यीस्ट तिथेच मार खाते. मात्र उदासीन पीएचला परके जिवाणूही फोफावतात, आणि फाज (जिवाणूंना मारणारा विषाणू) शिरला तर अख्खी टाकी गेली.

इथेनॉलच हवे असेल तर आमचा कौल आयसोमरेजवाल्या यीस्टला. झायलिटॉल हवे असल्यास नुसते रिडक्टेज घाला, डिहायड्रोजनेज नको, आणि पेशींना एनएडीपीएच मिळावे म्हणून ग्लुकोज थेंबाथेंबाने द्या. एकदम ओतले तर झायलोज आत शिरतच नाही, कारण दोन्ही साखरांची वाहक प्रथिने तीच आहेत. लॅक्टिक किंवा सक्सिनिक आम्लासाठी ई. कोलाय. चाचणी मात्र स्वतःच्या द्रावणात घ्या: शुद्ध झायलोजवर चमकलेला वाण फरफ्युरालसमोर (आम्लात शिजवताना तयार होणारे विषारी द्रव्य) दिवसभर नुसता बसून राहू शकतो.