हाफ-लाइफ १९९८ चं का ब्लॅक मेसा?

उन्हाळ्यात सोलापुरात दुपारी बाहेर पडायची सोय नाही, मग हाफ-लाइफ हा बंदुकीचा पीसी गेम १९९८ चा ओरिजिनल खेळू का त्याचाच नव्यानं बनवलेला ब्लॅक मेसा, असं विचारणारे लई भेटतात. आधी ओरिजिनलच खेळ बे. माणसांची तोंडं चौकोनी आहेत, मान्य, पण सुरुवातीची ती ट्राम, हिरो गॉर्डन एक शब्द बोलत नाही, मधे पिक्चर लावून गेम थांबवत नाहीत, आणि ते आंधळं टेंटॅकल (सोंडेसारखा राक्षस) नुसत्या आवाजावर झडप घालतं, ग्रेनेड लांब फेकून त्याला तिकडं गुंतवायचं नि आपण कडेनं सरकायचं, आजपण घाम फुटतो. शिवाय भंगार पीसीवर पळतो.

ब्लॅक मेसा २०२० ला पूर्ण आला, फॅन लोकांनी बनवलेला. दिसायला भारीच, आणि ओरिजिनलमधे उरकल्यासारखा वाटणारा झेन ह्या परक्या दुनियेचा शेवटचा भाग ह्यांनी पार नव्यानं उभा केलाय (जरा ताणलाय पण). फक्त ग्राफिक्स कार्ड बरं पाहिजे.