फ्रीजरमध्ये बर्फ होतोय, तरी म्हणे गॅस संपला!

वर फ्रीजरमध्ये बर्फ होतोय, खालचा कप्पा मात्र कोमट पडलाय, आणि मेकॅनिक म्हणतोय ‘गॅस संपला’. असं झालं तर त्याला फ्रिजला हात लावू देऊ नका. आमच्या घरी नेमकं हेच झालं, आणि न भरलेल्या गॅसचे पैसे घेऊन तो माणूस निघून गेला.

तो आला होता कंपनीचा म्हणून. कंपनीचं नाव टाकून शोधल्यावर सगळ्यात वर जो नंबर दिसला त्यावर फोन लावला, तर पलीकडच्याने कंपनीचंच नाव घेऊन तक्रार लिहून घेतली. पुढे वॉरंटी कार्डावरच्या नंबरवर चौकशी केली तेव्हा कळलं, की कंपनीकडे आमची तक्रार कधी पोचलीच नव्हती.

घरी आई एकटी होती. त्याने कॉम्प्रेसरला हात लावला आणि सांगितलं, “मावशी, गॅस पूर्ण उडालाय.” फ्रिजमागे बसून छोट्या सिलिंडरमधून थोडा वेळ फुसफुस केली. जाताना बजावलं, की गॅस बसायला वेळ लागतो, रात्रभर फ्रिज बंद आणि दारं उघडी ठेवा. सकाळी चालू केल्यावर काही तासांत फ्रिज मस्त गार झाला! काही दिवसांनी खालचा कप्पा पुन्हा कोमट. आता तो फोनवर म्हणाला, कॉम्प्रेसरच गेलाय, फ्रिज वर्कशॉपला न्यावा लागेल.

तेव्हा मात्र आम्ही कंपनीच्या खऱ्या टेक्निशियनला बोलावलं. त्याने फ्रीजरच्या आतलं मागचं पॅनेल उघडलं आणि सगळं समजलं. कॉइल, म्हणजे गारवा देणारी वेटोळी नळी, बर्फात गाडली गेली होती.

फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये बहुतेक वेळा एकच कॉइल असते आणि तिच्यावरची गार हवा पंखा खालच्या कप्प्यात ढकलतो. कॉइलवर साचणारा बर्फ ठरावीक वेळाने एक हीटर वितळवतो. तो हीटर, त्याचा बायमेटल थर्मोस्टॅट (तापमानानुसार हीटर चालू-बंद करणारा स्विच), टायमर किंवा सेन्सर, यांतलं काहीही बिघडलं की बर्फ वाढत जातो आणि हवेची वाट बुजते. फ्रीजर कॉइलला लागून असल्यामुळे तिथे बर्फ होत राहतो, खाली गारवा पोचत नाही. आमचा बायमेटल गेला होता. आणि रात्रभर दारं उघडी ठेवायला सांगण्यामागचं कारण इथेच आहे: तेवढ्या वेळात कॉइलवरचा बर्फ आपोआप वितळतो, मग काही दिवस फ्रिज चांगला चालतो आणि गॅस भरल्याची खात्री पटते. आईला तर तो देवमाणूस वाटला होता. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

फ्रिजचा गॅस वापरून संपत नाही. तोच गॅस बंद नळ्यांमधून फिरत राहतो, आणि कुठे गळती झालीच तर फ्रीजरसुद्धा नीट गार होत नाही. भरायचा तर आधी गळती शोधून बंद करावी लागते, फिल्टर बदलावा लागतो, व्हॅक्यूम पंपाने नळ्या रिकाम्या कराव्या लागतात, मग गॅस वजन करून घालतात. कोणता गॅस आणि किती ग्रॅम, हे फ्रिजवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. आमच्या स्टिकरवर आर-६००ए आहे. हा गॅस ज्वलनशील असतो, त्याच्याशी खेळ म्हणजे घरात आगीला आमंत्रण. त्या माणसाकडे ना पंप होता ना वजनकाटा. टेक्निशियनने दाखवलं, गॅस भरायच्या नळीचं कारखान्यातलं सील जसंच्या तसं होतं. म्हणजे ती फुसफुस नुसती ऐकवण्यासाठी होती.

कॉम्प्रेसर गेल्याचंही तसंच. आमचा कॉम्प्रेसर व्यवस्थित सुरू होता, हात लावला तर थरथर जाणवत होती. तो सुरूच होत नसेल, थोड्या थोड्या वेळाने नुसता ‘टिक’ आवाज येऊन बंद पडत असेल, तरी आधी रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा भाग) आणि ओव्हरलोड (तो जास्त तापला की बंद करणारा भाग) तपासायला सांगा. ते छोटे, स्वस्त भाग असतात. कॉम्प्रेसर खराब आहे असं कोणी म्हणालं तर मल्टीमीटर (वीज मोजायचं छोटं यंत्र) लावून समोर दाखवायला सांगा, आणि लेखी अंदाज व पावती हातात आल्याशिवाय फ्रिज घराबाहेर जाऊ देऊ नका.

पैसे परत मिळाले नाहीत, तो आता फोन उचलत नाही. नंबर खोटा असल्याचं आम्ही कंपनीला आणि तो दाखवणाऱ्या सर्च इंजिनला कळवलंय. घरात वडीलधारी माणसं एकटी असतील तर वॉरंटी कार्डावरचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजच्या दारावरच चिकटवा.