विरोधकाची बाजू मांडायला लावणारी कार्यशाळा: दुसरं सत्र चुकवू नका, चौथं चुकलं तरी चालेल

मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्याच्या वाक्यातल्या चुका काढणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि ही खोड घरीही सुटत नाही. धाकटा भाऊ बोलायला लागला की त्याचं वाक्य संपायच्या आत माझी लाल शाई तयार! गेले आठ महिने आमचं एकाच गोष्टीवरून वाजतंय: ७८ वर्षांच्या बाबांनी गाडी चालवावी की नाही. मी म्हणते, किल्ली काढून घेऊ. तो म्हणतो, अजिबात नाही. चार रविवार, रोज दोन तास, अशा या कार्यशाळेत मी नाव घातलं ते, खरं सांगायचं तर, भावाला गप्प कसं करायचं ते शिकायला.

पहिलं सत्र बरंचसं ओळखीपाळखीत गेलं. लक्षात राहिला तो न्यायशास्त्रातला, म्हणजे कोर्टकचेरीतला नव्हे, जुन्या भारतीय तर्कशास्त्रातला एक फरक. खरं काय ते शोधायला दोघं बोलतात तो वाद. जिंकायचंच म्हणून चालतो तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत बसायचं, ती वितंडा. ‘वितंडवाद’ या शब्दाचे ऱ्हस्व-दीर्घ मी इतकी वर्षं तपासत आले. तो आपल्यालाही लागू पडतो, हे काही सुचलं नव्हतं.

दुसऱ्या सत्रात मात्र सगळं वसूल झालं. नियम एकच. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत सांगायचं, आणि तो “हो, हेच म्हणायचंय मला” असं म्हणेपर्यंत आपला मुद्दा काढायचा नाही. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली एका भाषणात हे सुचवलं होतं. ऐकायला सोपं वाटतं, पण करून बघा, असंही त्याने तेव्हाच बजावलं होतं. माझ्या जोडीला एक निवृत्त बसचालक आले. मी माझं भांडण सांगितलं, त्यांनी भावाची बाजू घेतली.

“तुमचं म्हणणं, बाबा अजून उत्तम चालवतात.”

“मी असं कुठे म्हणालो?”

“म्हणजे वयाने काही बिघडत नाही.”

“बिघडतं की. मी स्वतः गाडी सोडली ती त्यामुळेच.”

“मग तुम्हाला त्यांचं मन दुखवायचं नाहीये.”

“जवळ आलात. पण तेही नाही.”

चौथ्या खेपेला माझ्याकडची वाक्यं संपली. शेवटी विचारलं, “तुम्ही गाडी सोडलीत तेव्हा काय झालं?” ते म्हणाले, “कुठे जायचं तर कुणाला तरी विचारावं लागायचं. मग मी विचारायचंच सोडून दिलं.”

“म्हणजे किल्ली गेली की बाबांचं बाहेर पडणंच थांबेल, ही भीती.”

“हो. हेच.”

भाऊ हे पहिल्याच महिन्यात बोलला होता. “बाबा कोंडल्यासारखे होतील,” असं. मी लगेच दुरुस्ती केली होती: कोंडल्यासारखे नव्हे, सुरक्षित.

तिसऱ्या सत्रात दोन तास नुसत्या स्लाइड. त्यातला १९७९ चा एक अमेरिकन प्रयोग ऐकण्यासारखा होता. फाशीच्या बाजूच्या आणि विरोधातल्या विद्यार्थ्यांना तेच दोन अभ्यास वाचायला दिले, एक फाशीला अनुकूल, एक प्रतिकूल. वाचून झाल्यावर दोन्हीकडचे आपापल्या मताला आणखी घट्ट चिकटले. पण हे आमच्याकडून करून घ्यायला हवं होतं. ऐकून काय, प्रत्येकाला ते दुसऱ्याबद्दलच वाटलं.

चौथ्या सत्राबद्दल माझी तक्रार आहे. तिथे सगळा सूर ‘तुझंही बरोबर, माझंही बरोबर’. मी विचारलं, समोरचा प्रामाणिकपणे बोलतच नसेल, नुसती वितंडा करत असेल, तर त्याचंही म्हणणं किती वेळ उगाळायचं? उत्तर आलं, “प्रत्येकाचं काहीतरी बरोबर असतंच.” हे उत्तर झालं? पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, नीट मांडायचा तो पुढे उत्तरपक्ष, म्हणजे आपलं उत्तर, मांडता यावा म्हणून. १४व्या शतकात माधवाचार्यांनी सर्वदर्शनसंग्रहाची, म्हणजे वेगवेगळ्या दर्शनांची मतं मांडणाऱ्या आपल्या ग्रंथाची, सुरुवात वेद-परलोक न मानणाऱ्या चार्वाकांपासून केली, ती काही स्वतः चार्वाक व्हायचं म्हणून नव्हे.

पाचपैकी साडेतीन. जाणार असाल तर घरचं खरं, दुखरं भांडण घेऊन जा. ‘मोबाइल शाप की वरदान’ छापाचे विषय घेऊन आलेले दुसऱ्या सत्रातही जांभया देत होते.

त्या रविवारी रात्री भावाला फोन करून त्याचं म्हणणं त्यालाच सांगितलं. जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, “हं. पण ताई, एक राहिलं. रात्री त्यांनी चालवू नये हे मलाही पटतं. तू कधी विचारलंच नाहीस.”

रात्रीची गाडी बंद झाली आहे. दिवसाच्या गाडीवरून अजून भांडतोय.