न्यायाधीश बदलून मागताना: जळगावातील एका वकिली कार्यालयाचा अनुभव

तापीकाठच्या आमच्या केळीच्या बागेच्या वाटणीचा दावा तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात चालू असताना आमचा तूर्तातूर्त मनाईचा (निकालापर्यंत प्रतिवादींना रोखण्याचा) अर्ज नामंजूर झाला, आणि न्यायाधीश प्रतिवादींना सामील आहेत, असे काकांनी ठरवूनच टाकले. दावा दुसऱ्या न्यायालयात वर्ग करून घेण्यासाठी आम्ही जळगावच्या ज्या दिवाणी वकिलांकडे गेलो, त्यांच्या कामाचा हा अभिप्राय आहे. दावा अद्याप चालू असल्याने नाव देत नाही.

पहिल्या भेटीत त्यांनी अर्ज लिहिण्यास साफ नकार दिला. "अण्णा, हुकूम विरुद्ध गेला म्हणजे पक्षपात झाला असे होत नाही, त्याला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 43 खाली अपील आहे, आणि मुदत 30 दिवसांची आहे," असे सांगून त्यांनी आधी अपिलाची तयारी सुरू केली. फी समोर दिसत असताना असा सल्ला देणारे वकील विरळाच.

बोलण्याच्या ओघात काकांनी, न्यायाधीश भाड्याने राहतात ते घर प्रतिवादी क्रमांक 2 च्या साडूचे आहे, असे सांगितले, तेव्हा मात्र वकिलांनी लेखणी उचलली. पानटपरीवरची चर्चा चालणार नाही म्हणून त्यांनी नगरपालिकेतून घरपट्टीचा उतारा काढायला लावला आणि मगच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 खाली जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज व प्रतिज्ञापत्र तयार केले. काकांच्या मसुद्यातील 'न्यायाधीश प्रतिवादींना सामील आहेत' हे वाक्य त्यांनी लाल शाईने खोडून 'वरील परिस्थितीमुळे वादीच्या मनात वाजवी शंका निर्माण झाली आहे' असे लिहिले. काका चिडले, परंतु बिनबुडाचे आरोप असलेल्या अशा अर्जावर खातरजमा न करता सही करणारा वकीलही न्यायालयाच्या अवमानाला पात्र ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने तत्कालीन नागपूर उच्च न्यायालयातून आलेल्या एम. वाय. शरीफ प्रकरणातच सांगून ठेवले आहे. रणजित ठाकूर खटल्यात (1987) तर, न्यायाधीशाने स्वतःचे मन निर्मळ आहे का हे न विचारता समोरच्या पक्षाला काय वाटेल ते पाहावे, अशी कसोटी घालून दिली आहे. म्हणजे आरोप सिद्ध करण्याची गरज नव्हती. शंका वाजवी आहे, एवढेच दाखवायचे होते. हा फरक त्यांनी काकांना न कंटाळता, मध्येच अहिराणीत शिरून, पटवून दिला.

सर्वोच्च न्यायालयात एखाद्या न्यायमूर्तींविषयी अशी शंका घेतली गेली, तर प्रकरणातून बाजूला व्हायचे की नाही हे ते न्यायमूर्ती स्वतःच ठरवतात. 2019 मध्ये भूसंपादनाच्या प्रकरणात न्यायमूर्ती अरुण मिश्रा यांनी तशी मागणी नाकारली होती. आमच्याकडे मात्र जिल्हा न्यायाधीशांनी प्रतिवादींना नोटीस काढून संबंधित न्यायाधीशांचा अभिप्राय मागवला आणि त्यांच्या सचोटीवर कोणताही ठपका न ठेवता दावा दुसऱ्या न्यायालयात वर्ग केला.

उणिवाही आहेत. भेटीची वेळ पाळली जात नाही, बाहेरच्या बाकावर तासन्‌तास बसावे लागते, आणि टंकलेखन, नोटरी व नकलांचा खर्च फीमध्ये धरलेला नाही हे आम्हाला शेवटी कळले. कारकुनाकडून पावती मागून घ्यावी लागते. निकाल विरुद्ध गेल्याच्या रागात न्यायाधीश बदलून हवा असणाऱ्यांचे येथे समाधान होणार नाही. हाती कागद असणाऱ्याने मात्र जरूर जावे, फक्त वरखर्चाचा आकडा पहिल्याच भेटीत लिहून घ्यावा.